काचपट्टीवरचा धागेवाला

मित्रांनो, डोळे ताणून बघू नका, मी तुम्हाला दिसणार नाही. घरातलं भिंग लावलंत तरी नाही. पण म्हणून मला कमी लेखू नका हं! मी एक जुना धागेवाला आहे. धागेवाला म्हणजे सुईदोरा विकणारा नव्हे. तुमच्या शरीरातल्या पेशींच्या पोटात जो धागा गुंडाळलेला असतो, तो उलगडणाऱ्या टोळीतला मी एक गडी. कुळानं मी प्रथिन. प्रथिन म्हटलं की तुम्हाला अंडं आणि दूध आठवतं, ठाऊक आहे मला. मोठी माणसं तेवढंच सांगतात, खा म्हणजे ताकद येईल. अरे, खाण्यापलीकडेही आमचं काही कर्तृत्व आहे की नाही?

आमचं घराणं किती जुनं ते तरी ऐका. पाव फुगवणारं यीस्ट असतं ना, त्या एका पेशीच्या इवल्याशा जिवातसुद्धा माझा लांबचा चुलत-चुलत पणजोबा हेच काम करतो. माशीत, उंदरात, माणसात, सगळीकडे आमचे भाऊबंद कामावर आहेत. आमच्या खानदानाचं घोडं कधी पेंड खात नाही. बढाई वाटेल तुम्हाला. वाटू दे. एवढं काम करून गप्प बसायला मी काही संत नाही.

आता कामाचं सांगतो. प्रत्येक पेशीत एक खोली असते, तिला केंद्रक म्हणतात. खोली कसली, टाचणीच्या टोकावर अशा पुष्कळ खोल्या मावतील. आणि त्या एवढ्याशा जागेत डीएनएचा धागा असतो. त्याचे सगळे तुकडे जोडून ताणले, तर तुमच्या वर्गातल्या सगळ्यात उंच मुलापेक्षाही लांब भरतील. मग तो मावतो कसा? तर बारीक बारीक रिळांवर गुंडाळून. ही रिळंही प्रथिनांचीच, म्हणजे आमच्याच नात्यातली. रिळांवर गुंडाळलेल्या या धाग्याला शास्त्रज्ञ क्रोमॅटिन म्हणतात.

या धाग्यावर शरीराच्या सगळ्या कामांच्या सूचना असतात. एकेक सूचना म्हणजे एकेक जनुक. पण गंमत अशी, की घट्ट गुंडाळलेली सूचना पेशीला वाचता येत नाही. ती वाचायची तर रीळ थोडं सरकवावं लागतं, धागा सैल करावा लागतो. डोळ्याच्या पेशीत डोळ्याच्या सूचना सैल हव्यात, बोटाच्या टोकाशी नखाच्या. सगळ्या पेशींनी सगळंच वाचायला घेतलं तर पापणीवर नख उगवेल! तेव्हा कुठला धागा उघडायचा आणि कुठला मिटलेला ठेवायचा, यावर शरीराचा सगळा डोलारा उभा आहे.

उघडायचं काम आमच्या टोळीचं. टोळीत आम्ही डझनभर जण. एक पहिलवान आहे, तो धागा ओढतो. एक चौकस आहे, तो कुठल्या रिळाशी थांबायचं ते चाचपून बघतो. आणि मी? मी रीळ गच्च धरून ठेवतो. ऐकायला साधं वाटतं ना? पण मी धरलं नाही तर पहिलवानाची ताकद वाया जाते, सगळी टोळी घसरते. दुसरीकडे मिटवणाऱ्यांची टोळी असते, ती धागे गुंडाळत फिरते. तेही गरजेचंच काम आहे, त्यांच्याशी माझं वैर नाही. आम्ही उघडतो, ते मिटवतात, आणि या ओढाताणीतच शरीराचा गाडा सुरळीत चालतो.

या सगळ्या सूचनांमध्ये काही सूचना फार मोलाच्या असतात. त्या पेशीला सांगतात, ‘बास, आता वाढू नकोस.’ त्या उघड्या ठेवायला आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. एखाद्या पेशीत मी नसलोच, तर मिटवणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. ते या सूचना गुंडाळून टाकतात. मग पेशीला बास म्हणणारं कोणी उरत नाही आणि ती वाढत सुटते. सगळेच कर्करोग असे होत नाहीत, पण लहान मुलांना होणारा एक फार वाईट कर्करोग अगदी असाच होतो. तुम्ही विचाराल, तू नसशील असं होईलच कसं? तर मी कसा बनवायचा हेसुद्धा त्याच धाग्यावर दोन ठिकाणी असतं, एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. एखाद्या पेशीत दोन्ही ठिकाणी बिघाड झाला, की त्या पेशीत मी जन्मालाच येत नाही.

मी मात्र आलो. चिंगी नावाच्या मुलीच्या डाव्या खांद्यात, एका बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीत एक पेशी होती, तिच्यात माझा जन्म झाला. चिंगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिचं खरं नाव दुसरंच काही होतं, पण ते फक्त दवाखान्यातल्या कागदांना माहीत. बाबा घरं रंगवायचे, आई बस चालवायची. मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं माझं रीळ. पेशीला विसावा मिळो न मिळो, आम्ही आपले कामाला जुंपलेले. कोणी शाबासकी दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही. तरी मनात छाती फुगायची, ते का लपवू?

एके दिवशी चिंगीला फ्रॉक घालताना आईच्या बोटांना तिच्या खांद्याशी एक गाठ लागली. दुखत नव्हती, पण होती. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि शेवटी चिंगीला भूल देऊन त्या गाठीतून जाड सुईनं दोऱ्यासारखा एक तुकडा काढला. त्या तुकड्यात गाठीच्या पेशी आल्या आणि माझी रक्तवाहिनीही आली. म्हणजे मी पण आलो.

तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत पडला. ते पाणी सगळं जसंच्या तसं गोठवून ठेवतं, म्हणजे काही सडत नाही. पण त्याचबरोबर ते आम्हा प्रथिनांचे हातपाय शेजाऱ्यांच्या हातापायांना बांधून टाकतं. तिथे माझं रिळावरचं काम कायमचं थांबलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? त्यात पुढे जोडून सुट्ट्या आल्या. एका दिवसात बाटलीतून निघायचा तो तुकडा सुट्ट्या संपेपर्यंत तसाच राहिला आणि माझ्या गाठी आणखी आवळल्या गेल्या. नंतर तुकडा मेणाच्या वडीत बसवला, त्याचे कागदाहूनही पातळ काप काढले आणि काचपट्ट्यांवर चिकटवले. एका काचपट्टीवर मी होतो.

या काचपट्ट्या आल्या रंगवायला. रंगवण्याच्या खोलीत एक ताई होत्या. सगळे त्यांना ताईच म्हणायचे, त्यांच्याहून मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. ताईंच्या टेबलावर महागडी यंत्रं होतीच, पण शेजारी एक साधा प्रेशर कुकरही होता. घरी असतो ना, शिट्टीचा, अगदी तोच. काचपट्ट्या त्यात घालून उकळायच्या, म्हणजे आमच्या बांधलेल्या गाठी सैल होतात. नवीन माणूस खोलीत आला की हमखास विचारायचा, “काय शिजतंय आज?” आणि ताई हमखास म्हणायच्या, “काचा. वाढू का?”

उकळून झालं की काचपट्टीवर एक द्रव सोडतात. त्यात फक्त मलाच ओळखणारे शोधक असतात. ते मला गाठून चिकटतात, आणि जिथे ते चिकटतात तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकी सगळ्यांच्या केंद्रकांना निळा रंग देतात. म्हणजे हिशेब सरळ आहे. केंद्रक तपकिरी, तर मी हजर. केंद्रक नुसतंच निळं, तर मी नाही. चिंगीच्या गाठीच्या पेशींत मी आहे की नाही, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. असेन तर गाठ दुसरी कुठली तरी. नसेन तर तो फार वाईट कर्करोग.

शोधक आले. माझ्या अगदी जवळून गेले. मी आतून ओरडत होतो, “अरे इथे! इकडे बघा!” पण माझ्या गाठी सुटल्याच नव्हत्या. सुट्ट्यांमध्ये इतक्या आवळल्या गेल्या होत्या, की नेहमीचा कुकर त्यांना पुरला नाही. शोधक रिकाम्या हातांनी निघून गेले आणि माझ्यावर निळा रंग चढला.

ती काचपट्टी आधी छोट्या डॉक्टरांनी पाहिली. नुकतेच शिकून आले होते, हुशार होते, मेहनती होते. प्रत्येक वेळी एक निरोगी तुकड्याची काचपट्टी सोबत रंगवतात, रंग नीट लागतोय की नाही ते कळायला. त्यांनी तीही पाहिली. ती छान तपकिरी झाली होती. व्हायचीच, तो तुकडा काही सुट्टीभर बाटलीत अडकला नव्हता! छोट्या डॉक्टरांना वाटलं, रंग उत्तम लागलाय, आणि चिंगीच्या काचपट्टीवर एकही तपकिरी ठिपका नाही, म्हणजे प्रथिन गेलं. त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तसा फोनही करून टाकला.

प्रथिन गेलं म्हणे! मी तिथे जागच्या जागी बसलेलो आणि हे महाशय फोनवर मला नाहीसं करत होते. असा संताप झाला माझा!

फोनचा परिणाम काय झाला ते मला मोठ्या मॅडमच्या खोलीत कळलं. मोठ्या मॅडम म्हणजे तिथल्या सगळ्यात जाणत्या डॉक्टर, शेवटचा शब्द त्यांचा. छोटे डॉक्टर काचपट्टी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होते, तेवढ्यात चिंगीचे आईबाबा दार ढकलून आत आले. बाबांच्या नखांत पांढरा रंग होता, आई कामाच्या गणवेशातच होती.

“मॅडम, ऑपरेशनचे सर म्हणाले उद्याच औषधं चढवायची,” आई म्हणाली. “केस जातील, रक्त उतरेल, तोंड येईल. आणि एवढं करून वाचेल असंही सांगत नाहीत हो. तीन वर्षांची आहे ती. तुम्ही एकदा नीट बघा ना.”

“मी अजून बघितलंच नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “मी बघितल्याशिवाय निकाल गेला असं समजू नका. बाहेर बसा जरा.”

आईबाबा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी डोळे लावले. काचपट्टी हळूहळू सरकवत नेली. मग छोट्या डॉक्टरांना म्हणाल्या, “इकडे ये. ही रक्तवाहिनी दिसतेय तुला?”

“हो, दिसतेय.”

“तिच्या भिंतीतल्या पेशी कुठल्या रंगाच्या आहेत?”

“निळ्याच आहेत, मॅडम.”

“त्या काही गाठीतल्या पेशी नाहीत. पोरीच्या स्वतःच्या निरोगी पेशी आहेत. त्यांच्यातही हे प्रथिन नाही म्हणतोस? ते सगळीकडेच नसतं, तर ही पोरगी जन्माला तरी आली असती का?”

छोट्या डॉक्टरांनी पुन्हा वाकून बघितलं. “अरे बाप रे,” एवढंच ते पुटपुटले. ज्या रक्तवाहिनीकडे मॅडम बोट दाखवत होत्या ती माझी होती, मित्रांनो! माझी! निळ्या रंगाखाली दडलेल्या मला कोणीतरी न बघताच ओळखलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी आठवण काढली, आणि तीही इतक्या हक्कानं. माझी कॉलर ताठ झाली. मला कॉलर नाही, हे सोडून द्या.

मॅडमनी ताईंना बोलावलं. “दुसरा काप काढता येईल?”

“वडीत काहीच उरलं नाही,” ताई म्हणाल्या. “तुकडा केवढासा होता तो. बाकीच्या तपासण्यांत संपला. आता जे आहे ते याच काचेवर.”

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पुन्हा सुई घालायची तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि गाठ तर वाढतेच आहे, फार दिवस थांबता येणार नाही. मग एकच वाट उरली. हीच काचपट्टी पुन्हा उघडायची, निळा रंग उतरवायचा, आणि पहिल्यापेक्षा जास्त वेळ कुकरमध्ये उकळायची.

“दुसऱ्यांदा एवढं उकळलं तर काप काचेवरून सुटू शकतो, मॅडम,” ताई म्हणाल्या. “सुटला तर पाण्यात गेला. मग हातात काही नाही.”

“सुटला तर आईबाबांना मी सांगेन. तू कर.”

मॅडम स्वतः बाहेर गेल्या आणि आईबाबांना सगळं समजावून आल्या. त्या म्हणाल्या, बाबांनी एकच प्रश्न विचारला, यात तिला काही टोचायचं नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग करा.

आता माझी पाळी. कापावर झाकणासारखी बसवलेली पातळ काच सुटली, निळा रंग धुतला गेला आणि आम्ही पुन्हा कुकरमध्ये गेलो. काय सांगू तुम्हाला! खालून ताप, वरून दाब, पाणी खदखदा उकळतंय. कापाची एक कड काचेवरून उचलली गेली आणि हलायला लागली. मी माझ्या पेशीला धरून होतो, पेशी रक्तवाहिनीला, रक्तवाहिनी काचेला. आयुष्यभर मी गच्च धरून ठेवण्याचंच काम केलं होतं, तेच पुन्हा केलं. शिट्टी झाली, आणखी झाली. ताई कुकरजवळून हलल्या नाहीत. आणि हळूहळू माझी एक एक गाठ सैल झाली.

पण मित्रांनो, गाठी सुटताना माझ्या मनात दुसरीच धास्ती भरली. मला फक्त माझ्या केंद्रकातलं ठाऊक. शेजारच्या गाठीच्या पेशींत माझे भाऊ आहेत की नाहीत, हे मला कुठून कळणार? मी तपकिरी झालो आणि गाठ निळीच राहिली, तर चिंगीचा आजार पक्का ठरणार होता. आणि ठरवणारा मी! मी दिसलो म्हणून तर ते निळेपण खरं धरलं जाणार. इतके दिवस मला कोणी बघावं म्हणून तडफडलो, आणि आता वाटलं, न दिसलेलंच बरं. पण राखणदारानं राखणीला उभं राहून डोळे मिटायचे नसतात. शोधक आले. या वेळी मी वाटेतच होतो. त्यांनी मला घट्ट पकडलं आणि माझ्यावर तपकिरी रंग चढला.

ताईंनी काचपट्टी स्वतः मॅडमच्या हातात नेऊन दिली. छोटे डॉक्टर मागे उभे. मॅडमनी डोळे लावले.

“रक्तवाहिनी तपकिरी आहे,” त्या म्हणाल्या. “आता बोलता येईल.”

“आणि गाठ, मॅडम?”

मॅडमनी काचपट्टी सरकवली. थोडी इकडे, थोडी तिकडे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खोलीतल्या सगळ्यांचाच. मग त्यांनी डोळे बाजूला घेतले आणि खुर्चीला पाठ टेकली.

“तपकिरी. सगळीच्या सगळी. प्रथिन गाठीत आहे. हा तो आजार नाही.”

छोटे डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. ताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि “कुकरच्या वाफेनं होतं असं,” म्हणाल्या. इथे कुठे आली वाफ? मला तर सगळ्या पेशींमधून भावांनी हात हलवल्यासारखं झालं. होते! सगळे जागेवर होते! एकानंही पाठ दाखवली नव्हती.

मॅडमनी आधी फोन केला, “उद्याची औषधं थांबवा.” मग आईबाबांना आत बोलावलं. सांगितलं, गाठ आहे, पण दुसऱ्या जातीची दिसतेय, आणखी तपासून खात्री करू, आणि ही जात शस्त्रक्रियेनं निघते. आई आधी हसली, मग हुंदके देऊन रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. बाबांची नजर काचपट्टीकडे गेली. मॅडम म्हणाल्या, “बघायचंय तुम्हाला?” त्यांनी वाकून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“तपकिरी ठिपके दिसतात ना? त्यांनीच वाचवलं आज,” मॅडम म्हणाल्या.

बाबा बराच वेळ बघत राहिले. “रंग चांगला बसलाय,” ते म्हणाले.

पुढच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. चिंगीची गाठ काढली, ती परत आली नाही. आता ती पुष्कळ मोठी झाली असेल. तिच्या अंगात माझे असंख्य भाऊबंद आजही रिळं धरून बसले आहेत, आणि तिला त्यांची खबरही नाही. असू दे.

मी मात्र नंतर एका खणात गेलो. वर्षं गेली. नव्या काचपट्ट्या येत राहिल्या, मला कोणी विचारेना. खणात माझ्या शेजारी दुसऱ्या मुलांच्या काचपट्ट्या होत्या. त्यातल्या काहींवर रक्तवाहिनी तपकिरी आणि गाठ खरोखरच निळी. तिथे माझे भाऊ खरंच नव्हते. त्या मुलांचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. त्यांच्याजवळ पडून राहताना माझा सगळा तोरा उतरायचा. ऐकलं आहे, की आम्ही नसताना रान मोकळं मिळालेल्या मिटवणाऱ्यांना आवरणारं औषध आता निघालं आहे. सगळ्यांना ते लागू पडत नाही, पण काहींना पडतं. आम्हाला नीट ओळखलं म्हणूनच ते सुचलं, याचा मला अभिमान आहे.

मग एकदा खण उघडला. छोटे डॉक्टर आता मोठे झाले होते, डोक्यावरचे केस विरळ झाले होते. ते मला शिकवण्याच्या खोलीत घेऊन गेले. तेव्हापासून दर वर्षी नवे विद्यार्थी मला बघतात. माझा रंग थोडा उतरलाय, पण ओळखू येतो. काही जण काचपट्टीच्या मधोमध अंगठा दाबतात, काही घाईत टेबलावर आपटतात. तेव्हा मी मनातल्या मनात चार शब्द सुनावतो.

तर मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी ताईंसारखं रंगवायला बसेल. काचपट्टी कडेनं धरा. बाटलीतला तुकडा सुट्टीवर जाण्याआधी बाहेर काढा. आणि निळ्या गर्दीत कोणी दिसला नाही म्हणून लगेच ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी रक्तवाहिनीत मला शोधा. मी दिसलो नाही, तर चूक तुमच्या रंगाची समजा आणि पुन्हा कुकर चढवा. मी दिसलो, की मग शेजारचं काय ते खुशाल सांगा. तुम्ही काय सांगता ते ऐकायला दाराबाहेर बाकावर कुणाची तरी आई बसलेली असते.